कलेजीतलं लॅमिन जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. बाजारातून आणलेल्या बोकडाच्या कलेजीतून पेशीकेंद्रकं वेगळी करायची, त्यांच्या आतल्या अस्तराचं लॅमिन काढायचं आणि जेलवर, म्हणजे प्रथिनांना लहान-मोठ्या आकारानुसार वेगळं करणाऱ्या पातळ थरावर, दाखवायचं. पहिल्या खेपेला ६६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) जागी जाडजूड बँड म्हणजे पट्टा आला आणि लॅमिन म्हणून वहीत नोंदला गेला. दुसऱ्या खेपेला नळीत चिकट लोळा झाला. तिसऱ्या खेपेला शेवटचा नमुना कोरा निघाला. लॅमिन नेमकं ओळखणाऱ्या अँटिबॉडीसाठी पैसे नाहीत. चुकतंय कुठे, आणि केंद्रकाला आकार देणारी प्रथिनं लॅमिनखेरीज आणखी कोणती?

तीन खेपांना तीन वेगवेगळी कारणं आहेत, पण मूळ एकच. लॅमिन हे इतर प्रथिनांसारखं बफरमध्ये उतरेल असं धरून काम झालंय. ते उतरत नाही. ट्रायटन हा साबणासारखा पदार्थ घाला, वर मीठ घाला, तरी ते बसल्या जागेवरून हलत नाही. त्यामुळे 'अर्क' म्हणून जे वरचं द्रावण जपून ठेवलं जातं त्यात लॅमिन नसतं, आणि नळीच्या तळाचा जो बुळबुळीत थर बेसिनमध्ये धुऊन टाकला जातो त्यातच ते असतं. या प्रयोगात गाळ राखायचा आणि पाणी सोडायचं. मात्र सोडण्याआधी त्या पाण्याचाही थोडा नमुना बाजूला काढायचा, तो का ते पुढे येईल.

अँटिबॉडी नसली तरी काम अडत नाही. १९७० च्या दशकात गुंटर ब्लोबेल यांच्या प्रयोगशाळेत रॅटच्या यकृतातून हे अस्तर पहिल्यांदा नीट वेगळं झालं, तेव्हा लॅमिनसाठी अँटिबॉडी कुणाकडेच नव्हती. प्रथिनं रंगवणाऱ्या साध्या कूमासी रंगात ६० ते ७५ किलोडाल्टनच्या दरम्यान तीन ठळक बँड दिसले. वरून खाली ज्या क्रमाने ते बसले त्याच क्रमाने पुढे त्यांना ए, बी, सी ही नावं मिळाली. ए साधारण ७० ते ७४, बी ६७-६८ आणि सी ६० ते ६५ किलोडाल्टनच्या जागी येतं. तुम्हाला दाखवायचे आहेत ते हेच तीन बँड. एकच जाड बँड म्हणजे लॅमिन नव्हे.

मग पहिल्या खेपेचा ६६ चा बँड कशाचा? जवळजवळ नक्की अल्ब्युमिनचा. यकृत हा अल्ब्युमिनचा कारखाना आहे, शिवाय बाजारातल्या कलेजीत रक्तही भरपूर असतं. अल्ब्युमिन जेलवर बरोबर लॅमिनांच्या गर्दीत येऊन बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. अल्ब्युमिन पाण्यात सहज उतरतं, म्हणून ते पहिल्या धुण्याच्या द्रावणात सर्वात जाड दिसतं आणि प्रत्येक धुण्याबरोबर फिकं होत जातं. लॅमिन याच्या उलट वागतं: धुण्याच्या द्रावणात ते दिसत नाही आणि शेवटच्या गाळात उठून दिसतं. म्हणूनच प्रत्येक टप्प्याचा नमुना ठेवायचा. बरेचजण सगळ्या रांगांत सारखे मायक्रोग्रॅम प्रथिन भरतात, तसं करू नका. पहिल्या द्रावणात प्रथिन अफाट असतं आणि शेवटच्या गाळात चिमूटभर. वजन सारखं करायला गेलात तर तुलनेला अर्थच उरत नाही. प्रत्येक रांगेत 'इतक्या ग्रॅम कलेजीतून आलेला भाग' या हिशोबाने भरा.

आता कृती, कलेजीपासून.

दुकानात जाताना बर्फाचा डबा आणि थंड ०.२५ मोलर साखरेचं द्रावण (लिटरला ८५.६ ग्रॅम सुक्रोज) घेऊन जा. कलेजी ताजीच हवी, दुकानदाराने सकाळपासून मांडून ठेवलेली चालणार नाही. पित्ताशय फुटून हिरवट डाग पडलेला भाग तिथेच कापून टाका. पित्तातले क्षार म्हणजे साबणच, ते केंद्रकं फोडतात. बर्फ बंदरावरच्या कारखान्याचा असला तरी हरकत नाही, पण तो फक्त नळीच्या बाहेर. वितळलेलं पाणी आत जाता कामा नये. आणि कुल्फीवाल्यासारखं बर्फात मीठ टाकू नका. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, तर ०.२५ मोलर साखर शून्याखाली अर्धा अंश गेली की गोठायला लागते. गोठलेली केंद्रकं फुटतात, आणि फुटली की त्यांतला डीएनए बाहेर येऊन लोळा होतो. दुसऱ्या खेपेच्या लोळ्याचं हे एक संभाव्य कारण. दुसरं पुढे येतंय.

दहा ग्रॅम कलेजी वरचा पातळ पापुद्रा आणि शिरा काढून कात्रीने बारीक करा. द्रावण ४० मिली: ०.२५ मोलर साखर, ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.५), २५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ब्लोबेल आणि पॉटर यांनी १९६६ मध्ये दिलेला हा बफर आजही चालतो. मॅग्नेशियम विसरू नका, केंद्रक घट्ट राहतं ते त्याच्यामुळे. पावसाळ्यात एक अडचण येते. मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली कोकणातल्या हवेत दोनदा उघडली की आतली पूड ओली होते, मग वजन करता ते निम्मं पाण्याचंच. नवी बाटली उघडली त्याच दिवशी १ मोलरचा साठा करून ठेवणं बरं.

पीएमएसएफ (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रसायन) आयसोप्रोपेनॉलमध्ये १०० मिलिमोलर करून ठेवा आणि वापरायच्या क्षणी १ मिलिमोलर होईल इतकं घाला. ते पाण्यात टिकत नाही. पीएच ८ आणि २५ अंशांला अर्ध्या तासाच्या आसपास निम्मं संपतं, म्हणून सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलं तर ते नसल्यातच जमा. प्रत्येक टप्प्याला ताजं घाला. विषारी आहे, हातमोजे हवेत.

टेफ्लॉनच्या दांड्याच्या होमोजिनायझरने आठ-दहा फेऱ्या द्या, तेही बर्फात. मिक्सर नको, मिक्सरच्या पात्याने केंद्रकं चिरली जातात. चार पदरी मलमलीतून गाळा आणि ६०० ते ८०० जीला दहा मिनिटं फिरवा. इथे 'जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. रोटरची त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल तर ६०० जीसाठी सुमारे २,३०० आरपीएम लागतात आणि १,००० जीसाठी ३,०००. दुसऱ्या कॉलेजचा आरपीएम आपल्या यंत्रावर चालवला की एक तर केंद्रकं वरच राहतात, नाहीतर मायटोकॉन्ड्रियाही खाली येऊन बसतात.

लाखभर जीचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज असेल तर २.३ मोलर साखरेच्या थरातून केंद्रकं खाली उतरवणं ही सर्वात स्वच्छ पद्धत. बहुतेक कॉलेजांत ते नसतं. तिथे पेलेट, म्हणजे तळाचा गाळ, त्याच बफरमध्ये ०.५ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून दोनदा धुवा. दर वेळी दहा मिनिटं बर्फात ठेवायचं आणि ६०० जीला फिरवायचं. ट्रायटनने बाहेरचं पटल निघून जातं, त्याला चिकटलेले रायबोसोम जातात, पेशीतला बराच कचराही जातो. लॅमिनला काही होत नाही. शेवटचं धुणं पोटॅशियम क्लोराइडशिवाय, त्याच्या जागी सोडियम क्लोराइड घालून करा. पोटॅशियम आणि एसडीएस (जेलच्या नमुन्यात घालायचा साबण) एकत्र आले की पांढरे कण पडतात. जेलच्या नमुन्यात पांढरं काही दिसलं की विद्यार्थी त्याला प्रथिन समजतात.

पुढे जाण्याआधी एक थेंब काचपट्टीवर घ्या, मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाका आणि ४० च्या भिंगाखाली बघा. गोल, सुटी, कडा स्वच्छ असलेली निळी केंद्रकं दिसली पाहिजेत. काही जास्त मोठी दिसतील, ती यकृताची स्वाभाविक बाब आहे. कित्येक यकृतपेशींत गुणसूत्रांचे चार संच असतात. केंद्रकांभोवती चिंध्या लोंबत असतील तर धुणं कमी पडलंय. नुसते धागे दिसले तर केंद्रकं फुटलीत, तिथेच थांबा आणि नव्याने सुरू करा. फुटलेल्या केंद्रकांवर पुढचे चार तास घालवण्यात काही मतलब नाही.

आता मुख्य टप्पा. क्रम पाठ करा: आधी डीएनएज (डीएनए कापणारं एन्झाइम), मग मीठ. उलट केलं की लोळा, आणि दुसऱ्या खेपेचं हे जास्त संभाव्य कारण. मिठाने हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, सुटतात, हिस्टोन सुटले की गुंडाळलेला लांबच लांब डीएनए मोकळा होऊन सगळं द्रावण शेंबडासारखं होतं, आणि त्या मिठात डीएनएजही नीट चालत नाही. ५ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या, मीठ नसलेल्या ट्रिस बफरमध्ये केंद्रकं घोळवा, डीएनएज-१ आणि आरएनएज-ए प्रत्येकी मिलीला ५० मायक्रोग्रॅम घाला, १५ ते २० मिनिटं २२-२५ अंशांला ठेवा. कृतीत 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं, पण मे महिन्यातली आपली खोली ३३ अंशांची असते. तिथे प्रथिनं कापणारी एन्झाइमंही जोरात असतात, तेव्हा थंड पाण्याचं टोपलं करून नळ्या त्यात ठेवा. व्होर्टेक्स करू नका, डीएनएज घुसळणीने मरतं. बफरमध्ये मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए असेल तर डीएनएजला ते मिळतच नाही.

मग तेवढ्याच आकारमानाचं थंड द्रावण घाला: १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.५), १ मोलर सोडियम क्लोराइड, २ टक्के ट्रायटन. म्हणजे नळीत मीठ अर्धा मोलर आणि ट्रायटन १ टक्का राहील. पंधरा मिनिटं बर्फात, मग १०,००० ते १५,००० जीला पंधरा मिनिटं. हिस्टोन, उरलेलं पटल आणि डीएनएचे तुकडे वर राहतात. खाली राहतं ते लॅमिनांचं अस्तर आणि त्यात अडकलेली केंद्रकरंध्रं.

तिसऱ्या खेपेचा नमुना बहुधा इथेच गेला. हा पेलेट पांढरा शुभ्र खडा नसतो. तो पातळ, अर्धपारदर्शक, माशाच्या खवल्यावरच्या चिकट थरासारखा नळीच्या बाहेरच्या अंगाला पसरलेला असतो. नळी उलटी करून झटकली की तोही जातो. सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवतानाच नळीच्या बाहेरच्या बाजूला मार्करने टिंब करा, पेलेट त्या बाजूला असणार. द्रावण विरुद्ध बाजूने पिपेटने हळू ओढा आणि शेवटचे ५० मायक्रोलिटर खुशाल राहू द्या. फिरवताना लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही. यंत्र आपोआप थांबू द्या, झाकण जोर लावून उघडू नका, लाइट आली की पूर्ण वेळ पुन्हा फिरवा.

त्या थरावर ५० ते १०० मायक्रोलिटर नमुना-बफर घाला: २ टक्के एसडीएस, १०० मिलिमोलर डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं), ग्लिसरॉल आणि ब्रोमोफिनॉल ब्ल्यू. ९५ अंशांला पाच मिनिटं. लॅमिनांतले सिस्टीन एकमेकांना गंधकाच्या बंधांनी बांधले जातात, म्हणून डीटीटी जुनं असेल तर नमुना जेलच्या खाचेतच अडकून बसतो. अजून तार सुटत असेल तर २६ गेजच्या सुईतून दहा वेळा ओढून सोडा. एसडीएसऐवजी ८ मोलर युरियाही लॅमिन उतरवतो, पण युरियाचा नमुना उकळू नका, प्रथिनांना रासायनिक डाग लागतात आणि बँड सरकतात.

जेल ८ टक्क्यांचं, निळा रंग खाली निघून गेल्यावरही थोडा वेळ चालवलेलं. १२ टक्क्यांच्या जेलवर तिन्ही लॅमिनं एकावर एक बसतील आणि पुन्हा एकच जाड बँड दिसेल. पावसाळ्यात जेल गोठत नसेल तर आधी अमोनियम परसल्फेटवर संशय घ्या. ते दमट हवेत निकामी होतं. चांगलं असेल तर पाण्यात टाकल्यावर बारीक तडतड ऐकू येते. आवाज आला नाही तर बाटली बदला.

पडताळणीसाठी दुसरं जेल १५ टक्क्यांचं चालवा. अखंड केंद्रकांच्या रांगेत तळाशी हिस्टोनांचे जाड बँड असतात, ११ ते १७ किलोडाल्टनच्या दरम्यान. लॅमिनाच्या रांगेत ते गेलेले असले पाहिजेत. ते तसेच असतील तर डीएनएज किंवा मीठ, दोन्हींपैकी एकाने काम केलेलं नाही. वर तीन बँड, खाली हिस्टोन नाहीत, आणि हे तीन बँड धुण्याच्या द्रावणांत नाहीत: एवढं एका पानावर दाखवता आलं तर अँटिबॉडीशिवायही परीक्षक ऐकून घेईल. तिन्ही बँडांच्या खाली ३० ते ५० च्या दरम्यान अस्पष्ट पायऱ्या दिसत असतील तर लॅमिन कापलं गेलंय, कलेजी शिळी होती किंवा पीएमएसएफ संपलेलं होतं.

हे प्रथिन इतकं हट्टी का, तेही पाहू. लॅमिन हे केराटिनाच्या कुळातलं, मध्यम जाडीच्या तंतूंचं प्रथिन आहे. मधोमध लांब दांडा, दोन रेणूंचे दांडे एकमेकांभोवती पिळलेले, एका टोकाला छोटं डोकं, दुसऱ्याला शेपटी. अशा जोड्या डोक्याला शेपटी लागून साखळ्या करतात आणि साखळ्या एकमेकींना चिकटतात. २०१७ मध्ये उंदराच्या पेशींत गोठवलेल्या अवस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं तेव्हा हे तंतू ३.५ नॅनोमीटर जाड आणि सगळा थर सुमारे १४ नॅनोमीटरचा दिसला. पुस्तकांत चौकोनी विणीचं जाळं काढलेलं असतं, ते बेडकाच्या अंडपेशीतलं. सस्तन प्राण्यांच्या साध्या पेशीत तंतू रापणीचं जाळं किनाऱ्यावर वाळत टाकावं तसे, एकावर एक, आडवेतिडवे पडलेले असतात.

ए आणि सी एकाच एलएमएनए जनुकातून येतात. पहिली ५६६ अमिनो आम्लं दोघांत सारखी. बी-१ आणि बी-२ यांची जनुकं वेगळी. बीच्या शेपटीला फार्नेसिल नावाची चरबीसारखी साखळी कायम असते आणि ती त्याला पटलाला धरून ठेवते. एला ती आधी लागते, मग झेडएमपीएसटीई२४ हे एन्झाइम शेवटचा १५ अमिनो आम्लांचा तुकडा कापतं, त्याबरोबर तीही जाते, आणि ६४६ अमिनो आम्लांचं पक्कं लॅमिन ए उरतं. हे कापणं चुकलं की काय होतं ते प्रोजेरियात दिसतं. एलएमएनएमधल्या एका अक्षराच्या बदलाने ५० अमिनो आम्लं गळतात, त्यांत कापायची जागाही जाते, फार्नेसिल तसंच राहतं आणि मुलं लहान वयात म्हाताऱ्यासारखी होतात. कारण २००३ मध्ये सापडलं. फार्नेसिल लागू न देणारं लोनाफार्निब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

पेशी विभागताना मात्र हेच हट्टी अस्तर काही मिनिटांत सुटतं. सीडीके१ हे एन्झाइम दांड्याच्या दोन्ही टोकांजवळ फॉस्फेट लावतं, लॅमिन एमध्ये मुख्यतः २२ आणि ३९२ क्रमांकाच्या सेरिनवर, आणि साखळ्या मोकळ्या होतात. ए आणि सी द्रावणात उतरतात, बी पटलाच्या तुकड्यांबरोबर राहतं. तुमच्या कामाला याचा फायदाच आहे: प्रौढ बोकडाच्या यकृतात विभागणाऱ्या पेशी नगण्य, म्हणून जवळजवळ सगळं लॅमिन गाळात सापडतं. उद्या भराभर वाढणाऱ्या पेशी वापरल्यात तर थोडं वर दिसेल, ती चूक समजू नका.

लॅमिनखेरीज कोण? आतल्या पटलात रुतलेली एमेरिन, एलएपी२ आणि लॅमिन बी रिसेप्टर ही प्रथिनं अस्तर पटलाला बांधतात. एमेरिन नसलं तर एमरी-ड्रायफस हा स्नायूंचा आजार होतो. बीएएफ हे ८९ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन डीएनए आणि एमेरिन यांच्यात दुवा असतं. सन आणि नेस्प्रिन ही जोडी दोन्ही पटलांतून आरपार जाऊन अस्तराला पेशीच्या सांगाड्याशी जोडते, म्हणून पेशी ताणली की केंद्रकही ताणलं जातं. यांतली पटलातली बरीच मंडळी ट्रायटन-मिठात कमी-जास्त सुटतात. तुमच्या शेवटच्या जेलवर त्यांचे फिके बँड दिसले तर चांगलं, न दिसले तर काही बिघडलं नाही.

केंद्रकाच्या पोटातला 'न्यूक्लियर मॅट्रिक्स' हा शब्द प्रकल्पाच्या शीर्षकात घालू नका असं माझं मत. १९७४ मध्ये बेरेझ्नी आणि कॉफी यांनी तो रूढ केला, आणि मीठ-डीएनएज नंतर उरणारा आतला सांगाडा जिवंत पेशीत खरंच असतो की मिठाने प्रथिनं गोठून तयार होतो, हा वाद मिटलेला नाही. नुमासारखी प्रथिनं त्या गाळात सापडतात, तीच पेशी विभागताना तर्कूच्या, म्हणजे गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंच्या जुडीच्या, टोकांना जातात. परिघावरच्या अस्तराबद्दल असा वाद नाही. तोंडी परीक्षेत नको तिथे अडकायला होतं.

पुढे अँटिबॉडीसाठी पैसे मिळालेच तर एक गोष्ट ऑर्डर देण्याआधी पाहा. बाजारात लॅमिनविरुद्धच्या काही अँटिबॉडी बकरीत तयार केलेल्या असतात. तुमचा नमुनाही बकरीचाच. बकरीच्या अँटिबॉडीला पकडणारी दुय्यम अँटिबॉडी वापरली की ती कलेजीतल्या रक्ताच्या अँटिबॉडींनाही पकडते आणि ५० व २५ किलोडाल्टनला काळेकुट्ट बँड येतात. पहिली अँटिबॉडी सशाची किंवा उंदराची घ्या. दुय्यम अँटिबॉडी बकरीत बनवलेली असली तरी चालते, फक्त ती सशाला किंवा उंदरालाच ओळखणारी हवी. लॅमिनांचा क्रम सस्तन प्राण्यांत फारसा बदलत नाही, म्हणून मानवी लॅमिनासाठी बनवलेली अँटिबॉडी बोकडाला बहुधा चालते. तरी सर्वात लहान बाटली मागवून आधी एका रांगेवर तपासा. आणि एसडीएसमध्ये उकळलेले नमुने वजा २० ला ठेवले तर महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा आत्ताचे नमुने फेकू नका. अखंड केंद्रकं ठेवायची झाली तर ५० टक्के ग्लिसरॉलमध्येच ठेवा, नाहीतर बर्फाचे स्फटिक तीच फोडतात.